चाळीसगावचं सुभेदार साहेबांचं पेन्शन केंद्र : पाचपैकी चार तारे

हयातीचा दाखला ५० रुपये. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) तपासून देणे ५० रुपये. अर्ज किंवा निवेदन लिहून देणे १०० रुपये, टाइप करून हवं असेल तर आणखी ३०. वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवांना काहीही आकार नाही. हा दरफलक दारातल्या भिंतीवर तेलरंगानं रंगवलेला आहे आणि त्याच्याखाली तांबड्या अक्षरांत एक ओळ आहे : 'नोकरीत असलेल्या जवानांची सही घेतली जात नाही.' खरं तर या ओळीमुळेच लिहायला बसलो, पण तिच्याकडे नंतर येतो.

स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना एका कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला हा गाळा आहे. पूर्वी तिथं एसटीडी बूथ होता. पाटीवर 'माजी सैनिक – पेन्शनची कामे' एवढंच. 'सुभेदार साहेबांचं दुकान' म्हणालात तर रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. साहेब फौजेत क्लार्क होते, सुभेदार होऊन घरी आले. कॉम्प्युटर त्यांची सून बघते. मी ड्रायव्हर, २०१९ ला हवालदार म्हणून निघालो. आता गिरणेच्या काठी थोडा कापूस आणि लिंबूची बाग.

आधी कामाचं सांगतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला इथं रांग लागते. कापूस वेचून आलेल्या हाताचे ठसे मशीन घेत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक पेन्शनरला माहीत आहे. दुसरीकडे म्हाताऱ्या माणसाला अंगठा पुसून पुसून परत लावायला सांगतात, तोवर सर्व्हर जातो. इथं सूनबाई अंगठ्याच्या नादी फार लागत नाही. माणसाला बाहेर ओट्यावर उजेडात उभं करते, मोबाइल समोर धरते, 'बाबा, डोळ्यांची उघडझाप करा' म्हणते, आणि चेहऱ्यावर दाखला निघतो. पोर्टलच्या बाबतीत ती सासऱ्यापेक्षा हुशार आहे आणि सासऱ्यालाही ते मान्य आहे.

माझं काम जरा किचकट होतं. लग्नानंतर सासरी नाव बदलायची आपल्याकडची रीत. माझ्या फौजेच्या कागदात बायकोचं सासरचं नाव, आधारवर माहेरचं. मी जिवंत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही, पण उद्या कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली की कागदोपत्री माझ्या दोन बायका निघायच्या. याआधी एका कार्यालयात गेलो होतो, तिथं 'हे आमच्याकडे नाही' एवढं ऐकून परत आलो. साहेबांनी लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि जुन्या पार्ट टू ऑर्डरची (लग्न, मुलं अशा बदलांची फौजेतली नोंद) नक्कल मागितली आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. ते पत्र मी जपून ठेवलंय. विषय, संदर्भ, परिच्छेद क्रमांक, जोडपत्रं, सगळं फौजी शिस्तीत. वाचणाऱ्याला 'अपूर्ण' म्हणून परत पाठवायला जागाच नाही. काही महिन्यांनी दुरुस्त पीपीओ आला.

एवढ्यासाठीच जायचं असेल तर जा, पैसे वसूल आहेत. पण मी चार तारे देतोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

काम झालं की साहेब कागद हातात देऊन मोकळं करत नाहीत. समोर बसवतात, फूटपट्टी कागदावर ठेवतात आणि एकेक ओळ वाचायला लावतात. पे मॅट्रिक्सचा तक्ता काचेखालीच आहे. शिपाई लेव्हल तीन, २१,७०० पासून. नाईक लेव्हल चार, २५,५००. हवालदार लेव्हल पाच, २९,२००. मग पट्टी लष्करी सेवा वेतनावर थांबते : ५,२००. 'हे ५,२०० कुठून आले, हवालदार?'

'सरकारनं दिले.'

'सरकारनं दिले ते दिसतंच आहे. मागितले कुणी?'

नोकरीभर दर महिन्याला स्लिप घेतली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. साहेबांनी सांगितलं ते असं. हे वेतन सहाव्या वेतन आयोगानं पहिल्यांदा आणलं, तेव्हा जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) २,००० आणि अधिकाऱ्यांना ६,००० होते. सातव्या आयोगानं ते ५,२०० आणि १५,५०० केले. पेन्शन धरताना ते मोजले जातात, म्हणून महत्त्व. मूळ कल्पना ब्रिटिश फौजेतल्या 'एक्स फॅक्टर'च्या अंगाची : घरापासून लांब राहणं, सारख्या बदल्या, चोवीस तास हुकमाखाली असणं, या सगळ्याचा मोबदला मूळ पगारावर टक्क्यांत. तिकडे तो साडेचौदा टक्के आहे. आणि पगाराची शिफारस करायला १९७१ पासून तिथं एक स्वतंत्र मंडळ आहे, ज्याचे सदस्य छावण्यांमध्ये जाऊन शिपायांशी आणि त्यांच्या कुटुंबांशी बोलतात.

आपल्याकडे वेतन आयोग. जवानाचा पगार आयोगाच्या हातात पहिल्यांदा गेला तो तिसऱ्या आयोगाच्या वेळी, १९७३ ला अहवाल आला तेव्हा. जुने पेन्शनर अजून सांगतात, त्याआधी आमची पेन्शन शेवटच्या पगाराच्या सत्तर टक्के होती, ती पन्नासवर आली आणि सिव्हिलवाल्यांची तीसवरून पन्नासवर गेली. सातव्या आयोगात वर्दीतला एकही सदस्य नव्हता. आठव्यातही नाही : अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, एक प्राध्यापक आणि एक सनदी अधिकारी. तिघांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्यापैकी कुणी ग्लेशियरवर रात्र काढलेली नाही आणि ज्यानं काढली त्याला त्या खोलीत खुर्ची नाही.

आता कुणी म्हणेल, फौजेत विचारतात की. विचारतात. दर महिन्याला सैनिक संमेलन होतं. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, भाषण करतात, शेवटी म्हणतात, 'किसी का कोई पॉइंट?' समोर पाच-सहाशे माणसं बसलेली असतात. आधीच सीनियर जेसीओनं सांगून ठेवलेलं असतं की पॉइंट असेल तर कंपनीत द्या, वर नको. मग एखादा उठतो आणि लंगरच्या रोटीबद्दल किंवा कँटीनमध्ये अमुक साबण येत नाही याबद्दल बोलतो. साबण पुढच्या महिन्यात येतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली स्वतःवरच्या अन्यायाची लेखी तक्रारही करता येते आणि काही जणांना न्याय मिळालेला मी पाहिलाय. पण ती एकट्याची, एकट्यापुरती तक्रार. 'आम्हा सगळ्या ड्रायव्हरांचं म्हणणं असं आहे' असं वाक्य वर्दीत असताना उच्चारता येत नाही.

हे मला खरं कळलं ते माझ्या साडूमुळे. साडू वरणगावच्या आयुध निर्माणीत, युनियनचा जुना कार्यकर्ता. एकदा मला गाडीवरून सोडायला म्हणून या केंद्रावर आला आणि दुपारपर्यंत हललाच नाही. सुभेदार साहेब आणि तो समोरासमोर. आतून चहा आला, मग परत आला.

साडूचं म्हणणं सरळ होतं. 'तुमच्या बंदुकीतली गोळी आम्ही करतो. आमचा पगार तोच आयोग ठरवतो. पण आमची माणसं जेसीएमला बसतात.' जेसीएम म्हणजे १९६६ पासून चालू असलेली संयुक्त सल्लागार यंत्रणा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आणि सरकार एका टेबलाशी, वर राष्ट्रीय परिषद, खाली खात्याची, त्याखाली कार्यालयाची. पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर पटलं नाही तर लवादाकडे जायची सोय. सातव्या आयोगानं किमान पगार १८,००० ठरवला तेव्हा यांची मागणी २६,००० ची होती. ११ जुलै २०१६ पासून संपाची हाक दिली. मंत्र्यांनी बोलावून घेतलं, समिती नेमतो म्हणाले, संप पुढे ढकलला. पदरात २६,००० पडले नाहीत. साडू ते लपवत नाही. 'पण बोलावलं तरी,' म्हणतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या बाजूला काय झालं? तिन्ही दलांच्या प्रमुखांनी सातव्या आयोगाची अंमलबजावणी थांबवून धरली, त्रुटी दूर करा म्हणाले. सिव्हिलच्या पे मॅट्रिक्सला चाळीस पायऱ्या आणि फौजेच्या मॅट्रिक्सला चोवीस, अशी ती गंमत होती. अपंगत्व पेन्शन टक्क्यांवरून काढून ठरावीक रकमेवर आणली होती. २०१७ मध्ये दोन्ही दुरुस्त झालं. म्हणजे आपलंही कुणीतरी भांडलं. पण जे भांडले ते आपले सेनापती. शिपायाच्या वतीनं त्याचाच सर्वात मोठा साहेब बोलतो, अशी ही रचना. साहेब भला असेल तर चालतं.

सुभेदार साहेबांना साडूचं निम्मं पटतं आणि निम्म्याचा राग येतो. कपाटातून त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं. घटनेचं कलम ३३ संसदेला फौजेचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा देतं. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २१ त्यावर उभं : कामगार संघटना, राजकीय संघटना, वर्तमानपत्राशी बोलणं, सगळ्यावर बंधन. 'आणि बरोबर आहे,' साहेब म्हणाले. 'चौकीवर मतदान घेऊन हल्ला करायचा का?' साडूला हसू आलं. तो म्हणाला, संपाचं काय घेऊन बसलात, आमचाही संप काढून घेतला. ते खरं आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात, आणि त्याच वर्षी संपावर बंदी आणणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदाही आला, वर्षभराच्या मुदतीचा. '१९७४ ला रेल्वेचा संप भुसावळनं पाहिलाय, साहेब. संप गेला तरी टेबल राहिलं पाहिजे.'

इथं मी तोंड उघडलं, कारण मला नाकूरा आठवलं. २०१३ च्या सुमाराला मी लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत होतो. आमच्या बटालियनचा मुक्काम पूर्वेकडे, पण गाड्या घेऊन समुद्राकाठच्या मुख्यालयात नाकूराला जावं लागे. तिथं गाड्यांच्या रांगेत थांबलेले बाकीच्या देशांचे ड्रायव्हर भेटत. एका आयरिश कॉर्पोरलशी माझी बरी ओळख झाली होती, त्याला आपला चहा आवडायचा. त्याच्या पाकिटात एक कार्ड होतं. मला वाटलं कँटीनचं असेल. तो म्हणाला, आमच्या संघटनेचं. वर्दीत असलेल्या शिपायाच्या पाकिटात संघटनेचं कार्ड! मी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघितलं. मला जास्त भीती वाटली, त्याला काहीच नाही.

त्यानं सांगितलं आणि मग सुभेदार साहेबांनी सुनेला सांगून तिथल्या तिथं ताडून घेतलं, तो इतिहास असा. १९८९ ला आयर्लंडमध्ये शिपायांचे पगार इतके वाईट होते की त्यांच्या बायकांनी संघटना काढली आणि सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवार उभे केले. नवऱ्यांना बोलायची बंदी, मग बायका दारोदार फिरल्या. पुढच्याच वर्षी तिथं कायदा बदलला. शिपायांची एक संघटना झाली, पीडीफोरा नावाची, अधिकाऱ्यांची वेगळी, राको. संपाचा हक्क दोघांनाही नाही, हुकमावर चर्चा नाही, मोहिमेवर चर्चा नाही. पगार, भत्ते, रजा, घर, एवढ्यापुरतं सरकारपुढं बसायचं. जर्मनीत तर १९५६ पासून अशी संघटना आहे, नवी फौज उभी राहिली त्याच सुमाराला.

साहेब बराच वेळ पट्टी कागदावर आपटत राहिले. मग म्हणाले, 'संघटना नको. पण आयोगात एक खुर्ची.' साडू म्हणाला, 'खुर्चीवर बसणारा कुणी निवडायचा?' याचं उत्तर साहेबांनी दिलं नाही. मला विचाराल तर माझं मत साडूच्या बाजूला अर्धं पाऊल पुढे आहे : हुकमाच्या बाबतीत तोंड बंद, पगाराच्या बाबतीत निवडून दिलेला माणूस.

निवृत्तीनंतर बोलायला मोकळीक आहे आणि ती वापरून काय मिळतं याचं आपल्यापुढचं मोठं उदाहरण 'वन रँक वन पेन्शन' : हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी, तर निवृत्ती कधीचीही असो, पेन्शन सारखी. माझे काका जुने पेन्शनर. २०११ ला राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं हे द्यावं म्हणून सांगितलं, तरी फाइल हलेना. १५ जून २०१५ ला जंतरमंतरवर उपोषण सुरू झालं. काका भुसावळहून झेलम पकडून गेले, पदकं छातीवर लावून बसले, दिल्लीच्या उन्हानं आजारी पडून परत आले. ५ सप्टेंबरला घोषणा, ७ नोव्हेंबरला आदेश, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी फेरमांडणी. मी तेव्हा नोकरीत होतो. काकांचा फोन आला की बराकीच्या मागं जाऊन घेत होतो. पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १६ मार्च २०२२ ला कोर्टानं योजना सरकारनं केली तशीच ठेवली, पण २०१९ ची फेरमांडणी करा म्हणून बजावलं. थकबाकीचे हप्ते लांबवायला गेले तेव्हा मार्च २०२३ मध्ये कोर्टानंच तारखा घालून दिल्या : कुटुंब पेन्शनवाल्यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. उपोषण, कोर्ट, परत कोर्ट. टेबलावर बसून सहा महिन्यांत जे मिटलं असतं त्याला इतकी वर्षं लागली.

ही तारखांची यादी केंद्रात भिंतीवर लावलेली आहे आणि तिच्याखाली बसूनच सूनबाई प्रत्येकाचा तक्ता उघडते. रँक, ग्रुप, नोकरीची वर्षं, आणि १ जुलै २०२४ पासून काय मिळायला हवं. मी बसलो होतो तेव्हा पारोळ्याकडची एक आजी आली होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साहेबांनी तिच्यासमोरही पट्टी ठेवली. ती म्हणाली, 'माले वाचता येत नई, पन आयकू द्या.' साहेबांनी आकड्यासकट सगळं वाचून दाखवलं, तिनं मधेच थांबवून एक आकडा परत विचारला. बँकेत तिला असं कुणी वाचून दाखवेल असं मला वाटत नाही.

आता ती तांबडी ओळ. आठव्या आयोगाला अठरा महिन्यांची मुदत आहे आणि साहेबांनी एक रजिस्टर घातलंय : 'आपले म्हणणे'. तालुक्यातला कुणीही माजी सैनिक येऊन आपला मुद्दा लिहून सही करू शकतो. सगळ्याचं एक निवेदन करून पाठवायचा बेत आहे. त्या दुपारी एक जवान आला, रजेवर होता, केस तसेच बारीक. त्यानं रजिस्टर ओढलं आणि साहेबांनी वरून हात ठेवला. 'वर्दीत आहेस तोवर इथं सही नाही. उद्या कुणी फोटो काढून पाठवला तर तुझ्यावर चार्ज लागेल, माझ्यावर नाही.' पोरगा गप्प बसला. मग त्याच्याबरोबर आलेली बायको म्हणाली, 'मी लिहू का?' तिच्यावर आर्मी ॲक्ट लागत नाही. साहेबांना हे आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. त्यांनी पेन तिच्याकडे दिलं.

तिनं काय लिहिलं ते मी वाचलं. नवरा फील्डला असताना सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीचा खर्च, मुलीची शाळा मधेच बदलली की होणारा भुर्दंड, आणि रजेचा प्रवास : येणं-जाणं रजेतून वजा होऊ नये. तीनही मुद्दे आम्ही बसलेल्या दहा-बारा बाप्यांपैकी एकाच्याही यादीत नव्हते. आम्ही सगळ्यांनी पेन्शन, पेन्शन आणि पेन्शन लिहिलं होतं.

त्याच रांगेत एका अग्निवीराचा बाप होता. मुलगा पहिल्या बॅचमधला, चार वर्षं भरत आलेली. पहिल्या वर्षी महिना ३०,००० म्हणायचे, त्यातले तीस टक्के सेवा निधीत कापून हातात २१,०००. महागाई भत्ता नाही, लष्करी सेवा वेतन नाही, पेन्शन नाही. शेवटी निधीचे ११.७१ लाख आणि चारांतल्या एकालाच पुढं ठेवणार. त्यानं विचारलं, 'साहेब, मना पोऱ्यानं नाव कोन्ता कागदवर राही?' आणि साहेबांच्या रजिस्टरमध्ये खरोखरच त्याला रकाना नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन मागच्या पानावर एक नवा रकाना आखला. वर काय मथळा लिहायचा यावर मात्र बराच वेळ गेला.

आता तक्रार. एक तारा मी कापलाय तो खुर्च्यांसाठी नाही, जरी खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि त्यातल्या दोन मोडक्या आहेत. बायकांना बसायला आडोसा नाही, लाइट गेली की इन्व्हर्टर प्रिंटर ओढत नाही, साहेब बोलायला लागले की मागच्याचा नंबर विसरतात. हे चालतं.

तारा कापलाय तो माझ्या मुद्द्यासाठी. रजिस्टरमध्ये मी लिहिलं होतं : ड्रायव्हर आणि सहायक (अधिकाऱ्याच्या दिमतीला दिलेला जवान) यांना अधिकाऱ्यांच्या घरच्या कामाला लावू नये. मी नोकरीतली काही वर्षं एका अधिकाऱ्याच्या मुलांना शाळेत सोडण्यात आणि मॅडमना बाजारात नेण्यात घालवली आहेत. मी त्यासाठी भरती झालो नव्हतो. पगार आणि सेवेच्या अटी असं जर निवेदनाचं नाव असेल तर ही अटच आहे. पक्क्या मसुद्यात पाहतो तर माझी ओळ गायब. विचारलं तर सुभेदार साहेब म्हणाले, 'हा पगाराचा विषय नाही. अशानं पूर्ण निवेदनाकडे वाकड्या नजरेनं बघतील.' मी म्हणालो, साहेब, संमेलनात पॉइंट आधी कंपनीत द्यायला सांगायचे, तुम्हीही तेच करताय. ते रागावले. साडू असता तर त्याला आनंद झाला असता.

त्यांचा हेतू वाईट नाही, हे मी जाणतो. जेसीओची सवय ती, खालचं वर नेताना धारदार कडा घासून काढायची. पण मग आम्ही सह्या कशाच्या खाली केल्या? मसुदा पाठवण्याआधी सह्या करणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवावा, वगळलेले मुद्दे शेवटी 'असेही म्हणणे आले' म्हणून जोडावेत, एवढीच माझी सूचना आहे. ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही, नाकारलीही नाही. दरम्यान मी माझ्या मुद्द्याचा वेगळा अर्ज करून घेतला. लिहायचे १०० आणि टाइपचे ३० साहेबांनी रीतसर मागून घेतले, पावतीसुद्धा दिली, आणि अर्ज असा लिहून दिला की मला स्वतःला तो तसा कधीच जमला नसता.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा. दुपारी एक ते तीन बंद, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पीपीओ, आधार, बँक पासबुक आणि डिस्चार्ज बुक मूळ न्या, झेरॉक्स शेजारीच निघते. बायकोला बरोबर न्या, तिचंही नाव कागदाशी ताडून घ्या. आणि रजिस्टरमध्ये काही लिहिणार असाल तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.